राक्षसीच्या बाळाचा पहिला घास

कृतयुग सरत आले होते आणि त्रेतायुगाने अजून उंबरठा ओलांडला नव्हता, त्या संधिकाळातली ही कथा. सह्यपर्वताच्या पश्चिम अंगास मेघपृष्ठ नावाचे एक उत्तुंग शिखर होते आणि त्या शिखरावरच्या निबिड, सूर्यकिरणांनाही वाट न देणाऱ्या अरण्यात अस्थिभंज नावाच्या महाबलाढ्य राक्षसाचे राज्य होते. त्याच्या नुसत्या डरकाळीने दिग्गज कान हलवीत आणि इंद्राच्या दरबारातल्या नर्तिका ताल चुकत. या राक्षसकुळास पुरातन काळी असा वर लाभला होता की, त्यांची संतती जन्मतःच आईच्या वयाची व्हावी. त्यामुळे त्या कुळात पाळणा नव्हता, अंगाई नव्हती, रांगणे नव्हते. सकाळी जन्मलेला राक्षस दुपारी गदा पेलून शिकारीला जाई आणि संध्याकाळी शिकारीच्या वाट्यावरून आईशीच भांडत बसे. या वराचा साऱ्या कुळाला केवढा अभिमान! तो नव्हता फक्त एकीला.

ती अस्थिभंजाची धाकटी बहीण धूम्रकेशी. तिचा पती देवांशी झालेल्या संग्रामात पडला, तेव्हा ती गर्भवती होती. एके दिवशी शिकारीच्या शोधात ती डोंगरपायथ्याच्या आश्रमाजवळ वेळूच्या बेटात दबा धरून बसली असता, तिला अंगणात एक ऋषिकन्या मांडीवर तान्ह्या मुलाला घेऊन बसलेली दिसली. ते मूल काहीच करीत नव्हते. नुसते आपल्याच पायाचा अंगठा पकडून हसत होते. धूम्रकेशी शिकार विसरली. सूर्य मावळेपर्यंत ती तो अंगठा पाहत राहिली आणि तिथून उठली ती थेट तपाला बसली. एका पायावर उभी राहून, वारा भक्षून तिने जगन्माता पार्वतीला प्रसन्न करून घेतले. देवीने वर माग म्हणताच ती म्हणाली, "देवी, अमरत्व नको, अस्त्र नको. मला लहान मूल हवे. लहान, आणि हळूहळू वाढणारे." देवीने तथास्तु म्हटले. असा वर मागणारी राक्षसी तिनेही प्रथमच पाहिली होती.

यथाकाल मूल झाले. नाव ठेवले तनुक. सारे राक्षस जमले, नवजात वीराच्या हाती द्यायला नवी गदा घेऊन उभे राहिले, आणि तो उठून उभा राहील म्हणून वाट पाहू लागले. तनुक उठला नाही. त्याने जांभई दिली आणि तो झोपी गेला. तेव्हा कुळात जो हाहाकार उडाला त्याला तोड नाही. कोणी म्हणे अपशकुन झाला, कोणी म्हणे देवांनी अर्धाच राक्षस पाठवला! धूम्रकेशी मात्र आनंदाने वेडी झाली होती. ती त्याला दूध पाजी, तो मुठीत तिची एक जट धरून झोपे, आणि मूठ सुटू नये म्हणून ती रात्ररात्र कूस बदलत नसे.

असे सहा महिने सुखात गेले. मग मात्र तनुकाला केवळ दूध पुरेना. आई जेवू लागली की तो तिच्या तोंडाकडे टक लावून पाही, ओठ हलवी, आणि पोट न भरल्याने किरकिर करी. बिचाऱ्या धूम्रकेशीला जे ठाऊक होते ते तिने केले. रानरेड्याची मांडी त्याच्यापुढे ठेवली. तनुकाने ती चाटली आणि भोकाड पसरले. तिने मांस कुटून एक तुकडा त्याच्या तोंडात घातला, तो घशात अडकून पोर काळेनिळे पडले. तिने त्याला उलटे धरून पाठ थोपटली, तुकडा पडला आणि श्वास परतला खरा, पण त्या क्षणी तीनही लोकांत जिला कशाचे भय नव्हते ती राक्षसी थरथर कापत होती.

हे सारे अस्थिभंजाने पाहिले. त्याने मेघगर्जनेसारख्या स्वरात आज्ञा केली, "भगिनी, ऐक! आपल्या कुळात जो मांस खात नाही तो राक्षस नव्हे. येत्या पौर्णिमेच्या महाभोजनात या अर्भकाने सर्वांसमक्ष पहिला मांसाचा घास घ्यावा. न घेईल तर मी त्याला गृध्रशिलेवर ठेवीन. मग तो जाणे आणि गिधाडे जाणोत!"

धूम्रकेशीने बाळाला छातीशी बांधले आणि ती डोंगर उतरून निघाली. ज्या आश्रमात ती अनेकदा भक्ष्य म्हणून माणसे न्याहाळत आली होती, त्याच आश्रमाच्या दारी आज ती याचक होऊन जात होती.

तो आश्रम महर्षी कणव्रतांचा. कापणी झालेल्या शेतांत गळून पडलेले दाणे वेचावेत आणि तेवढ्यावरच निर्वाह करावा, असे त्यांचे कठोर व्रत होते. तपाने ते सूर्यासारखे तेजस्वी झाले होते आणि उपासाने काडीसारखे बारीक. धूम्रकेशी फाटकात उभी राहिली मात्र, शिष्यवर्गाची अशी काही पांगापांग झाली की वेदाध्ययनाचा स्वर थेट झाडांच्या शेंड्यांवरून ऐकू येऊ लागला. महर्षींनी कमंडलूतले जल ओंजळीत घेतले आणि ते गरजले, "निशाचरी, एक पाऊल पुढे टाकशील तर भस्म होशील!"

"महर्षी, भस्म करा," धूम्रकेशी गुडघे टेकून म्हणाली, "पण आधी एवढे सांगा, ज्याला दात नाहीत त्याला काय खाऊ घालतात?"

महर्षींची ओंजळ तशीच राहिली. चार वेद त्यांना मुखोद्गत होते, पण या प्रश्नाचे उत्तर त्यांत कुठे आहे ते त्यांना पटकन आठवेना. तेवढ्यात पर्णकुटीतून त्यांची पत्नी उर्वरा पदराला हात पुसत बाहेर आली. सहा लेकरांची आई, पंधरा नातवंडांची आजी. तिने राक्षसीकडे पाहिलेच नाही, तिच्या छातीशी बांधलेल्या गाठोड्याकडे पाहिले.

"स्वामी," ती म्हणाली, "शाप मागाहून द्या. लेकरू भुकेले आहे."

"उर्वरे! हा राक्षसाचा वंश. आज त्याला पोसशील, उद्या तो आपल्यालाच खाईल!"

"उद्याचे उद्या पाहू. आणि ज्याचे पोट आपण भरले तो आपल्याला का खाईल? उपाशी ठेवलात तर मात्र नक्की खाईल." एवढे बोलून तिने तनुकाला सोडवून कडेवर घेतलेही. तनुकाने तिच्या गळ्यातली रुद्राक्षांची माळ लगेच तोंडात घातली. महर्षींनी ओंजळीतले जल तुळशीला घातले. वाया कशाला दवडायचे?

उर्वरेने प्रथम गाईचे दूध काढून पाहायचे ठरवले, पण राक्षसीचा वास येताच गाईने असा पान्हा चोरला की थेंब मिळेना. वासरू तर दावे तोडून पळाले. उर्वरा हसून म्हणाली, "राहू दे. ते दूध तिच्या वासराचे. तुझे दूध तुझ्या वासराला आहेच, ते तोडू नकोस. वरचे अन्न आपण मातीकडे मागू." तिने मडक्यातून मूठभर दाणे काढले. मोहरीहून बारीक, तांबूस, दिसायला अगदीच सामान्य. ती नाचणी होती.

"हे?" धूम्रकेशीचा चेहरा उतरला. "माते, माझा मुलगा राक्षस आहे. पाखरांच्या खाद्यावर तो कसा जगेल?"

"अगं, मूर्ती लहान पण कीर्ती महान. धीर धर."

पण धीर हाच तर राक्षसांच्या शिदोरीत नसतो! नाचणी धुऊन भिजत घातली, तर धूम्रकेशी घटकेघटकेला भांड्यात डोकावू लागली. ओल्या फडक्यात बांधून मोड यायला टांगली, तर ती पुरचुंडीखालीच ठाण मांडून बसली. पांढरे, केसाएवढे मोड दिसले तेव्हा ती इतक्या मोठ्याने ओरडली की झाडांवरून नुकतेच उतरलेले शिष्य पुन्हा वर चढले. मग दाणे सावलीत वाळवले, आणि दळायची वेळ आली. धूम्रकेशीने खुंटा धरून जाते एकदाच फिरवले. जात्याचे तीन तुकडे झाले. दुसरे आणले, त्याचे दोन.

"बाई," उर्वरा म्हणाली, "हत्ती लोळवायचा जोर इथे नको. बाळाला थोपटतेस ना, त्या हाताने दळ."

धूम्रकेशीने डोळे मिटले, तनुकाची पाठ आठवली आणि खुंटा धरला. जाते घरघरू लागले, मऊ पीठ झरू लागले. ते वस्त्रगाळ करून, पाण्यात कालवून, मंद आचेवर ढवळत ढवळत उर्वरेने तिच्याकडून पेज शिजवून घेतली आणि त्यात पिकल्या केळ्याचा गर कुस्करायला लावला. दुसऱ्या भांड्यात मुगाचे कढण होते. "आज दोन बोटे चाटव, उद्या चार," उर्वरेने बजावले. "हौसेपोटी पोट बिघडवू नकोस. पण थांब, उष्टावण रीतीने व्हायला हवी. पहिला घास भरवायचा मान मामाचा. याला मामा आहे ना?"

धूम्रकेशीच्या तोंडचे पाणी पळाले. आणि नेमक्या त्याच वेळी भूमी हादरू लागली. पौर्णिमा आली होती. बहीण भाच्यासह पळाली हे कळताच अस्थिभंज सारे सैन्य घेऊन, वृक्ष मोडीत, शिळा भिरकावीत, धुळीने आकाश झाकोळून टाकीत आश्रमावर चालून आला होता. त्याच्या एका हातात गदा आणि दुसऱ्या हातात हरणाची अख्खी मांडी.

"कुठे आहे तो कुलकलंक?" तो गरजला.

"या, या!" उर्वरा पुढे होऊन म्हणाली. "मामावाचून उष्टावण अडली होती. पाय धुवा आणि पाटावर बसा."

आजवर अस्थिभंजाला देवांनी ललकारले होते, ऋषींनी शापले होते. बसा म्हणून पाट कोणी दिला नव्हता. तो गोंधळला आणि बसला. पाट करकरला. दुसऱ्याच क्षणी त्याला आपला क्रोध आठवला. "घास मी भरवीन, पण मांसाचा! हाच आमचा कुलधर्म!"

धूम्रकेशी त्याच्यासमोर उभी राहिली. तिचा स्वर ठाम होता. "दादा, तू म्हणशील तोच घास भरव. मी अडवणार नाही. पण त्याआधी तुझे बोट त्याच्या तोंडात घाल." आणि तिने तनुकाला त्याच्या मांडीवर ठेवले.

त्या अवाढव्य मांडीवर ते पोर गव्हाच्या कणकेच्या गोळ्याएवढे दिसत होते. अस्थिभंजाने तर्जनी पुढे केली. तनुकाने ती दोन्ही हातांनी धरली आणि तोंडात घातली. सैन्य श्वास रोखून पाहत होते. पर्वत फोडणारे ते बोट त्या मऊ, ओल्या, उबदार हिरड्यांवर थांबले. तिथे एकही दात नव्हता. अस्थिभंजाने आयुष्यात दात नसलेले तोंड पाहिले नव्हते.

"हा... हा चावत नाही," तो पुटपुटला.

"त्याला येत नाही, दादा. त्याला अजून काहीच येत नाही. म्हणून तर त्याला आपण लागतो."

अस्थिभंजाने हरणाची मांडी खाली ठेवली. मग, ज्या हाताने त्याने ऐरावताचा सुळा मोडला होता त्याच हाताच्या करंगळीने वाटीतली पेज उचलून भाच्याच्या ओठांना लावली. तनुकाने जीभ फिरवली, कपाळाला आठी घातली, विचार केला. आणि फुर्रकन सारी पेज मामाच्या मिशांवर उडवली! सैन्याने शस्त्रे सावरली. ऋषींनी कमंडलू चाचपला. अस्थिभंजाने मिशी पुसली, पुन्हा करंगळी बुडवली. या खेपेला तनुकाने गटकन गिळले, तोंडाचा आ केला आणि मामाकडे पाहून खदखदून हसला.

"गिळले!" अस्थिभंज ओरडला. "ऐकलेत का रे? माझ्या भाच्याने गिळले!" विजयाची अशी गर्जना त्याने इंद्राला हरवल्यावरही केली नव्हती. मग काय विचारता! विकराळ राक्षस गदा टाकून एकमेकांना ढकलू लागले, मी भरवतो, आता माझी पाळी, म्हणून रांगा लागल्या. शेवटी उर्वरेला पळी उगारावी लागली. "पुरे! दोनच बोटे म्हटले होते!"

त्या कल्लोळात अंगण एकाएकी चांदण्याहून शीतल प्रभेने भरून गेले. साक्षात जगन्माता पार्वती प्रकट झाली होती. ती म्हणाली, "धूम्रकेशी, तुझ्या वात्सल्याने मी पुन्हा प्रसन्न झाले आहे. आणखी एक वर माग."

"देवी, एकटे लहान मूल खेळणार कोणाशी? आमच्या कुळातल्या प्रत्येक आईला लहान मूल दे. आणि ज्या दाण्याने माझा तनुक वाचला त्याचे कल्याण कर."

"तथास्तु! यापुढे राक्षसांची मुलेही माणसांच्या मुलांसारखी हळूहळू वाढतील. हा दाणा उघड्या, कड्याकपारीच्या मातीतही पिकेल, वर्षानुवर्षे साठवला तरी त्याला कीड लागणार नाही, आणि दात नसलेल्या मुखांचा तो पहिला सोबती होईल." मग देवी जरा थांबली. "पण मुली, नीट विचार कर. ही मुले रात्री जागवतील, घास थुंकतील, तापाने फणफणतील. एकेक घास त्यांच्या मागे धावून भरवावा लागेल. ती थोर होईतो सोळा वर्षे जातील."

धूम्रकेशीचा चेहरा एकदम पडला.

"एवढीच?" तिने विचारले.

जगन्माताही आईच होती. तिचे डोळे पाणावले आणि तिने न मागितलेला तिसरा वर दिला, तो राक्षसांना, मानवांना, पशुपक्ष्यांना, साऱ्यांनाच: मूल कितीही वाढो, आईच्या डोळ्यांना ते लहानच दिसेल.

त्या दिवसापासून मेघपृष्ठावर पाळणे हलू लागले. ज्या हरिणीमागे पाडस असेल तिच्यावर शस्त्र धरायचे नाही, असा अस्थिभंजाने दंडक घातला. महर्षी कणव्रत आणखी चार मुठी नाचणी वेचू लागले. तनुक पुढे ताडामाडाएवढा झाला, मामामागून सिंहासनावर बसला, त्याच्या दाढीमिश्यांत पांढरे केस दिसू लागले. त्याच्या नुसत्या नावाने शत्रूंची दाणादाण उडे. पण राजसभा आटोपून तो घरी आला की म्हातारी धूम्रकेशी वाटी घेऊन बसलेली असे, आणि पेज गरम आहे, तोंड भाजेल, म्हणत फुंकर घालून घालून ती निववून त्याच्यापुढे करी. तो त्रैलोक्यात गाजलेला शत्रुमर्दन राजा मुकाट्याने तोंडाचा आ करी.