एका कुशीची लोळण

त्या मुलखात ओझं वाहणारे वेगळे होते आणि ओझं मोजणारे वेगळे, आणि दोघांनाही आपलंच काम अवघड वाटत असे. माती नदीकाठी होती, वीटभट्टी टेकाडावर होती आणि मधला चढ गाढवांच्या वाट्याला आला होता. भट्टी कोल्ह्यांची. चढ कोणाचा, हा प्रश्न कधी कोणी काढला नाही.

गाढवांचा एक जुना हक्क होता. माथ्यावर माती उतरवली की भट्टीशेजारच्या राखेत लोळण घ्यायची, आधी डाव्या कुशीवर, मग उजव्या, आणि अंग झटकून खाली निघायचं. यात कोल्ह्यांचं काही जात नव्हतं. राख तशीही पडूनच असायची. पण दुसऱ्याला फुकट सुख मिळताना बघणं त्यांच्या जिवावर येई. एका हंगामात त्यांनी फर्मान काढलं की कामाचा खोळंबा होतो, यापुढे एकाच कुशीवर लोळावं. गाढवांनी आकाशपाताळ एक केलं आणि शेवटी डावी कूस पत्करली. तेव्हापासून त्या टेकाडावरच्या झाडून सगळ्या गाढवांची उजवी बाजू खाजत असे. आणि आता तर डावीही जाणार, अशी कुणकुण लागली होती.

गाढवांच्या संघाची चिटणीस होती गोजाक्का. मोठ्या आवाजाची, मोठ्या मनाची, आणि आपलं मन मोठं आहे हे पुरतं ठाऊक असलेली. उजवी कूस परत मिळवल्याशिवाय डोळे मिटणार नाही, असं तिने चारचौघांत बोलून ठेवलं होतं, त्यामुळे आता माघार घेण्याची सोय नव्हती.

त्याच सुमारास तळ्याकाठच्या विद्यापीठाने एक नवा अभ्यासक्रम काढला. अर्धा दिवस ओझं वाहा, अर्धा दिवस शिका; प्रवेश फक्त संघांच्या पुढाऱ्यांना; विषय, बर्फाच्या मुलखातील ओझेकऱ्यांच्या चळवळी. गोजाक्काने कोल्हेशेठकडे अर्ध्या दिवसाची सवलत मागितली. नाही म्हणतील म्हणून ती भांडायच्या तयारीनेच गेली होती, पण शेठ खुशीत आले.

"शिका हो गोजाबाई, अवश्य शिका. अडाण्यांशी बोलून बोलून आमचाही घसा बसतो."

हे आपलं कौतुकच आहे, असं गोजाक्काने धरलं. ती निम्मा दिवस तळ्यावर असेल, म्हणजे निम्मा दिवस भट्टीवर शांतता असेल, हा शेठचा हिशेब तिच्या लक्षात आला नाही.

शिकवायला करकोचे सर होते. ते दर हिवाळ्याला बर्फाच्या मुलखातून उडत येत आणि उन्हं तापली की परत जात. एका पायावर उभे राहून ते असे काही रंगून शिकवत, की दुसरा पाय आहे याची त्यांनाही आठवण राहत नसे. वर्गात तेलघाण्याचा बैल रंगराव होता. त्याला बसून काही समजत नसे, म्हणून तो ऐकताना झाडाभोवती फिरे, आणि तास संपता संपता पहिल्याच शंकेपाशी येऊन पोचे.

गोजाक्काला मात्र तिथे पंख फुटले. बर्फातले घोडे जमिनीच्या पोटातून कोळसा ओढायचे, हे ऐकून तिचे डोळे भरून आले. मग त्यांनी संघ काढला, विसाव्याचा दिवस मिळवला, थंडीत पाठीवर घोंगडी मिळवली, हे ऐकून तिने भर वर्गात आनंदाने ओरडून घेतलं. रोज तळ्यावरून परतली की ती गाढवांना सगळं सांगत बसे. गाढवं कान टवकारून ऐकत आणि शेवटी विचारत, "आक्का, पण ते लोळायचे कुठे?"

हंगामाच्या मध्यावर सरांनी निबंध लिहायला सांगितला. बर्फातल्या घोड्यांचा सगळ्यात मोठा संप का फसला? गोजाक्काने जीव ओतून लिहिलं. त्या घोड्यांत काहींच्या कपाळावर पांढरा टिळा होता, काहींच्या नव्हता. टिळेवाले बिनटिळ्यांना संघात घेईनात. मग टिळेवाल्यांनी काम थांबवलं, तेव्हा बिनटिळ्यांनी कोळसा ओढला, आणि संप आठवड्याभरात कोसळला. 'ज्यांच्या खांद्याला एकच जू, त्यांनी कपाळं तपासत बसावं, याला काय म्हणावं?' असं तिने शेवटी लिहिलं. निबंध वर्गात वाचला गेला. सगळे पोट धरधरून हसले, रंगरावसुद्धा फिरता फिरता थांबून हसला, आणि गोजाक्का पहिली आली.

ती तरंगतच टेकाडाच्या पायथ्याशी आली, तर तिथे झिपरू नावाचं खेचर तिची वाट पाहत उभं होतं. कोल्ह्यांनी अलीकडे पलीकडच्या खोऱ्यातून काही खेचरं आणली होती. त्यांना लोळण मुळातच नव्हती, ना डावी ना उजवी.

"आक्का, आम्हालाही घ्या की संघात," झिपरू म्हणाला. "पाठ आमचीही खाजते."

आता संघाची एक रीत होती. येणाऱ्याने पायथ्याशी उभं राहून सगळ्यांसमोर एकदा ओरडून दाखवायचं. रीत वाडवडिलांपासूनची, तिच्यात कोणाला वावगं वाटत नसे. झिपरूने बिचाऱ्याने छाती भरून घेतली आणि ओरडला. पण सुरुवात झाली खिंकाळण्याने आणि शेवट झाला ओरडण्याने. गाढवं एकमेकांकडे बघून गालात हसली.

"शेवट चांगला आहे रे," गोजाक्का मायेने म्हणाली, "पण सुरुवातीचं काय करायचं? नियम म्हणजे नियम. मन खट्टू करून घेऊ नकोस."

झिपरू मान खाली घालून गेला. गोजाक्का त्या दिवशी छान झोपली.

उन्हं तापायला लागली आणि फर्मान निघालं: लोळण बंद, दोन्ही कुशी. गाढवांनी ओझी टाकली आणि पायथ्याशी ठिय्या दिला. गोजाक्काने बर्फातल्या घोड्यांवर एकाहून एक भाषणं केली. पहिल्या दिवशी भट्टी गार पडली. दुसऱ्या दिवशी खेचरं माती घेऊन चढ चढू लागली. गाढवांनी त्यांना तोंडाला येईल ते ऐकवलं. हळूहळू चारा संपला, भाषणांना येणारी दाद कमी झाली, आणि म्हातारी गाढवं पुटपुटू लागली की एक कूस होती तेच बरं होतं. आपल्या हातून उजवी तर मिळाली नाहीच, डावीही गेली, हे गोजाक्काला दिसायला लागलं होतं.

अशात करकोचे सर परतीच्या वाटेवर निरोप घ्यायला उतरले.

"गोजाबाई, तिकडेही माझा असाच वर्ग भरतो," ते म्हणाले. "संघातले घोडे अर्धा दिवस शिकायला येतात. या वर्षी त्यांना तुमचा संप शिकवीन म्हणतो."

गोजाक्काची मान ताठ झाली. सरांनी चढाकडे चोच केली. "एकच शंका. ओझी घेऊन ते चाललेत, ते कोण?"

"ती खेचरं, सर."

"तुमच्या संघातली नाहीत?"

"नाही ना. त्यांचं ओरडणं शेवटी बरोबर येतं, पण सुरुवात..."

एवढं बोलून गोजाक्का थांबली. सर मात्र गंभीरपणे मान हलवत होते.

"हे बरं सांगितलंत. घोडे या ठिकाणी फार हसतील."

त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. ते पंख पसरून उत्तरेकडे निघून गेले. गोजाक्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग पाठीवर काही न घेता ती चढाला लागली.

"आक्का फुटली!" खालून कोणीतरी ओरडलं.

तिने मागे पाहिलं नाही. माथ्यावर झिपरू नुकतीच माती उतरवून उभा होता. त्याची पाठ घामाने भिजली होती आणि गोणीच्या दोऱ्यांचे वळ उठले होते.

"झिपरूदादा, खाजतेय?"

"खाजणारच की, आक्का."

"चल मग, पड राखेत."

"आणि आमचं ओरडणं?"

"त्या ओरडण्याला घाल चुलीत. जागा करते, ये." असं म्हणून गोजाक्का कोल्ह्यांच्या देखत राखेच्या ढिगात आडवी झाली, आणि झाली ती उजव्या कुशीवर. कितीतरी वर्षांनी त्या बाजूला राख लागली. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो गाढवाचा होता की आणखी कोणाचा, ते तिलाही सांगता आलं नसतं. झिपरूने इकडेतिकडे पाहिलं, गुडघे मोडले आणि जन्मात पहिल्यांदा लोळला. त्याच्या मागची खेचरं गोण्या टाकून त्याच्याशेजारी पडली. खाली ठिय्या देऊन बसलेल्यांनी ते पाहिलं आणि सगळा पायथा धावत चढ चढून आला.

राखेचा लोट भट्टीच्याही वर गेला. तो खाली बसला, तसे कोल्हेशेठ मुनिमाला घेऊन तरातरा पुढे आले.

"संपातली हाकलून दे," ते म्हणाले, "आणि आपली तेवढी कामाला लाव."

मुनीम पुढे झाला. त्याने एकाचं तोंड न्याहाळलं, दुसऱ्याचे कान पाहिले, तिसऱ्याच्या शेपटीपाशी वाकून पाहिलं. नाकापासून खुरापर्यंत सगळी सारखीच राखाडी होती. तो परत शेठकडे आला आणि हळूच विचारू लागला, "मालक, यातली आपली कुठली?"