धारेवरचं गवत

फार जुनी गोष्ट आहे, आपल्या पणजोबांनीही ती कुणाकडून तरी ऐकलेली. झाडंसुद्धा जिथवर चढायला कंटाळतात अशा एका उंच डोंगरावर फिंच पाखरांचा थवा राहत होता. चिमणीएवढा जीव, जाडजूड चोच आणि गळ्याशी दाणे साठवायची एक छोटी थैली. थंडी पडली की बाकीचे पक्षी खाली दरीत पळत. ही हट्टी पाखरं मात्र तिथेच राहून वाळल्या गवताचं बी टिपत.

थव्याचा एकच नियम होता : वारा सुटला की पंख मिटा. कड्यातल्या कपारीत शिरायचं आणि वारा पडेपर्यंत चोच बाहेर काढायची नाही.

एका हिवाळ्यात बर्फ पडला तो पडलाच. मग वारा सुटला, तो काही थांबेना. कपारीत उपासमार सुरू झाली. एका आईचं त्याच वर्षीचं पिल्लू मान टाकून बसलं.

आई त्याला पंखाखाली घेऊन कपारीच्या तोंडाशी बसली होती. तेवढ्यात वाऱ्याबरोबर काहीतरी येऊन तिच्या चोचीवर आपटलं. गवताचं फोलपट! रिकामं होतं, पण कोरडं होतं.

थव्याच्या म्होरक्याला ती म्हणाली, "आबा, सगळं गवत बर्फाखाली गाडलंय, मग हे उडून आलं कुठून?"

"आलं असेल कुठून तरी. गप बस."

"वारा डोंगरमाथ्यावरच्या धारेवरून येतोय. तिथला बर्फ त्यानं झाडून नेला असणार. मी जाते."

"एवढासा जीव आणि निघाली वादळाशी झोंबायला! नियम काय उगाच केलाय, बाई?"

"आपण जगावं म्हणून केलाय ना, आबा? मग माझं लेकरू मरत असताना तो कुणासाठी पाळू?"

पहिल्याच भरारीला वाऱ्यानं तिला कड्यावर आपटलं. तिनं उडायचा नाद सोडला. वारा जोरात आला की दगडाला चिकटायचं, जरा ओसरला की टुणकन उडी मारायची, अशी ती चढत राहिली.

धारेवर बर्फाचा कण नव्हता. बियांनी लगडलेलं गवत वाऱ्यात उभं होतं. तिनं ताकदीपुरते चार दाणे गिळले, थैली गच्च भरली आणि उतरली.

पिल्लानं दाणे खाल्ले, मान उचलली. उरलेले तिनं आबांपुढे ठेवले.

"माझी आई याच कपारीत उपाशी गेली," आबा म्हणाले. "तेव्हाही बाहेर असाच वारा होता."

मग सारा थवा दगडांना बिलगत धारेकडे निघाला. आबा सर्वांत शेवटी होते, पण निघाले. त्या हिवाळ्यात पुढे एकही पाखरू उपाशी मेलं नाही, आणि वारा सुटला की तो थवा आजही धारेची वाट धरतो.

तात्पर्य : जो वारा आपल्याला कोंडून ठेवतो, तोच कुठेतरी आपलं अन्न उघडं करत असतो, ते शोधायला मात्र त्याच वाऱ्यात बाहेर पडावं लागतं.