रांजणाची घरघर

कडजाईचा डोंगर पायथ्याशी उभं राहून पाहिला तर डोक्यावरची टोपी पडते, इतका उभा. त्याच्या अंगावर दगड रचून अरुंद पायऱ्या केल्या आहेत. गावात त्यांना ताली म्हणतात. त्यांवर वाढलेल्या द्राक्षांची तांबडी वाईन हलकी, उजळ, बडबड्या माणसालाही दोन घोट गप्प बसवणारी. पाहुणे हंगामात येतात, धापा टाकत वर पोचतात आणि विचारतात, कडजाईच्या देवळाला बाहेरून कडी का? गावातले म्हातारे सुभानआबा त्यांना आधी दम खाऊ देतात, मग सांगतात.

गडावर राजाची शिबंदी होती तेव्हा गोदाच्या नवऱ्याने या ताली रचल्या, असे सांगतात. शेवटची रचताना तो कड्यावरून गेला. मागे राहिल्या गोदा, लहानगी ठकू आणि वेली. एका हंगामात ठकूची छाती भरली. वैद्यबुवा म्हणाले, "नव्या आसवाने पोर उठेल. पण रांजणाची घरघर थांबल्याशिवाय देऊ नकोस. कच्चं बाधेल."

गोदाने द्राक्षांचा रस रांजणात भरला, आणि वाट पाहण्याखेरीज तिच्या हातात काही उरलं नाही. आंबणारा रस घरघरायचा, शेजारी अंथरुणावर ठकूची छाती घरघरायची. ऊब मिळावी म्हणून तिने रांजणाला गोधडी गुंडाळली, त्याच्या विनवण्या केल्या.

"आये, झालं का गं?"

"होतंय बाय. अजून बोलतोय त्यो."

शेवटी तिचा धीर सुटला. ताली चढून ती देवळात गेली आणि पायरीवर डोकं टेकून म्हणाली, "आई, माझ्या घरातली घरघर थांबव. पहिलं आसव तुझ्या पायावर वतीन." देवीने म्हणे लगेच उजवा कौल दिला. गोदा धावत उतरली. घरात एकच घरघर उरली होती, आणि ती रांजणाची होती.

कोणती घरघर, ते तिने सांगितलंच नव्हतं.

पुढे रांजण निवला. तसं आसव आधी कधी उतरलं नव्हतं म्हणे. देवीने मागितलेलं दिलं होतं, तेव्हा नवस फेडणं भाग होतं. गोदाने पहिलं आसव वर नेऊन ओतलं आणि बाहेर येऊन कडी लावली.

आजही रस आंबतो तोवर देऊळ बंद असतं. त्या दिवसांत देवीकडे कुणी काही मागत नाही. पिंप शांत झालं की पाहुणे टाळ्या वाजवतात. गावातल्या बाया मात्र आधी घरी पळतात आणि निजलेल्या पोरांच्या नाकाशी बोट धरून पाहतात.