दोराच्या पुढे

एका गावात नदीच्या काठावर एक नावाडी राहत होता. त्याच्या बायकोचं नाव हौसा. आपण एकटीनं होडी पैलतीरी न्यावी, असं तिला फार वाटे. पण ती डोंगरातली पोर, पाण्याची तिला भारी धास्ती.

दुपारी होडी रिकामी असे. हौसा पहिल्यांदा नुसतीच त्या बांधलेल्या होडीत जाऊन बसली. होडी डुगडुगली, तशी ती डोळे मिटून होडीच्या काठाला चिकटून राहिली. काही दिवसांनी तिनं वल्हं हातात घेतलं. मग किनाऱ्यावरच्या करंजाच्या झाडाला लांब दोर बांधून ती दोर पुरेल तिथवर वल्हवू लागली. रोज दोर थोडा जास्त सोडायची.

सासू बायजाबाई हसायच्या. "दावणीची म्हैस गं तू! अशानं कधी पलीकडे जाशील?"

हौसा म्हणायची, "आत्याबाई, कालच्यापेक्षा आज पुढं गेले ना!"

उन्हाळ्यात नदीच्या मधल्या वाळूच्या बेटावर बायजाबाईंनी टरबुजं लावली होती. एके दिवशी नावाड्यानं आईला सकाळी बेटावर सोडलं आणि होडी करंजाला बांधून तो बाजाराला गेला. गावात लख्ख ऊन होतं. पण वर डोंगरात पाऊस कोसळला होता. दुपारी पाण्याचा रंग बदलला. गढूळ लोंढा आला, आणि बघता बघता बेट आक्रसू लागलं.

"हौसाऽ!" बायजाबाई ओरडत होत्या. पाणी त्यांच्या पोटऱ्यांना लागलं होतं. टरबुजं वेलांसकट वाहत चालली होती.

हौसानं आजूबाजूला पाहिलं. गडी माणसं सगळी बाजारात. तिनं होडी ढकलली आणि उडी मारून आत बसली. धार आडवी येत होती, होडी फिरत होती, पण हातांना सवय होती. ती वल्हवत राहिली. आणि एकदम होडीला हिसका बसला.

दोर संपला होता.

बेट अजून दोन होड्यांइतकं दूर होतं. दोराशिवाय ती कधीच पाण्यात गेली नव्हती. तिनं गाठ सोडायला हात घातला, पण ताणलेली, भिजलेली गाठ हलेना. बायजाबाई आता कमरेपर्यंत पाण्यात होत्या. ओरडणंही थांबलं होतं.

होडीत कोयता पडला होता. हौसानं तो उचलला. तिनं एकच घाव घातला.

होडी सुटली. हौसानं सारं बळ लावून ती बेटाकडे वळवली आणि सासूचा दंड धरून त्यांना आत ओढलं.

"खाली बसा आत्याबाई, हलू नका!"

"अगं, दोर कुठाय?"

"कापला."

"मग आता गं?"

धार होडीला पलीकडं ढकलत होती, मागे वळणं शक्यच नव्हतं. "आता पलीकडं," हौसा म्हणाली.

धारेशी न भांडता ती होडी तिरकी, तिरकी नेत राहिली. किती वेळ गेला ते दोघींनाही कळलं नाही. शेवटी होडी पैलतीराच्या लव्हाळ्यात घुसून थांबली.

हौसाची बोटं वल्ह्यावर इतकी आवळली होती, की उघडेनात. बायजाबाईंनी तिचा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट हळूच सोडवलं.

"पाणी उतरलं की घरी जाऊ," त्या म्हणाल्या. "तूच ने."

तात्पर्य: स्वप्नाची वाट दोर बांधून, भीत भीत चालायला लागलात तरी हरकत नाही; त्या लहान पावलांनी कमावलेलं बळच दोर कापायच्या वेळी कामी येतं.