तांब्याची माती

एका राज्यात तांबटांची आळी होती. तिथला मुखिया सटवोजी. हात सोन्याचा, डोकं तापट. डोंगरापलीकडच्या मुलखातून स्वस्त हंडे-घागरी येऊ लागल्या, तसा तो तडक दरबारात गेला.

"महाराज, परक्याचं तांबं वेशीच्या आत येऊ नये."

"तथास्तु," राजा म्हणाला. राजेलोकांचं तथास्तु म्हणण्यात काय जातं! दरबारच्या मांत्रिकाने वेशीवर मंत्र टाकला. पलीकडचं तांबं आत येताच त्याची माती व्हायची. व्यापाऱ्यांचे हंडे वेशीतच ढासळले आणि आळीने साखर वाटली.

पण या शहाण्यांना एवढंही सुचलं नाही, की आपल्या राज्यात तांब्याची खाणच नाही! घडायचे पत्रे पलीकडूनच यायचे. त्यांचीही माती झाली. मंत्राला पत्रा काय नि घागर काय, सारखंच. भट्ट्या विझल्या. माणसं ऐरणी पाठीवर घेऊन डोंगर ओलांडू लागली. सटवोजीचा एकुलता एक मुलगा राघोही निघाला.

"मी मंत्र उतरवतो," सटवोजी म्हणाला. "मग परत येशील ना?"

"येईन, बाबा."

मांत्रिक तोवर मेला होता. त्याची साळुंकी तेवढी पिंजऱ्यात होती. ती म्हणाली, "मागणाऱ्यानेच फेडावं. वेशीतली माती डोईवरून डोंगरमाथ्यावर टाक. दारोदार जाऊन आपली चूक सांग. शेवटी कुळाचा हातोडा वेशीत वितळव."

माती वाहता वाहता सटवोजीचे केस पिकले. चूक सांगताना लोकांनी तोंडावर दारं लावली. हातोडा वितळताना माणसासारखा कण्हला. सटवोजीही रडला, पण हात मागे घेतला नाही.

मंत्र उतरला. राजाने दवंडी पिटवली, राज्याची घडी पुन्हा बसली म्हणून. गाड्या आत आल्या. एका गाडीवर राघो होता.

"आलास!"

"भेटायला आलो, बाबा. माझी भट्टी तिकडे, माणसं तिकडे, बायकोही तिकडचीच. इथं आता कुणाबरोबर ठोके घालू?"

सटवोजीने मागे वळून पाहिलं. आळीत एकही भट्टी पेटलेली नव्हती. राघोने गाडीतली स्वतः घडवलेली एक घागर उतरवून बापापुढे ठेवली, पाया पडला आणि दिवस मावळायच्या आत परत गेला.

सटवोजीने घागर बोटाने वाजवून पाहिली. काम चोख होतं.

"कुठली हो?" शेजारणीने विचारलं.

"परमुलखातली," तो म्हणाला, आणि पाणी भरायला गेला.