सुंठीचा अभंग

फार वर्षांपूर्वी, नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावात एक वैद्यबुवा राहत असत. पहाटे देवपूजा, मग रुग्णसेवा, आणि सवड सापडेल तेव्हा अभंगरचना, असा त्यांचा नेम होता. औषध असो वा अभंग, कागदाच्या माथ्यावर ‘श्री’ लिहिल्यावाचून त्यांची लेखणी पुढे सरकत नसे. आपला एक तरी अभंग उत्सवात देवापुढे गायला जावा, ही त्यांची बारा वर्षांची आस होती. आणि त्या वर्षी कीर्तनकारबुवांनी ते मान्य केले होते.

उत्सवाच्या दिवशी सकाळी वैद्यबुवा शेवटच्या चरणाशी झुंजत बसले होते. इतक्यात हलवायाची बायको धापा टाकत आली.

“वैद्यबुवा, आमच्या ह्यांचं पोट फुगून नगारा झालंय! उरलेले पेढे टाकवेनात, म्हणून सगळे स्वतःच खाल्ले.”

वैद्यबुवांनी लक्षणे विचारली खरी, पण मन चरणातच गुंतलेले. त्यांनी औषध लिहून कागदाची घडी केली. आणि नेमका त्याच क्षणी चरण सुचला, म्हणून तोही अभंगाच्या कागदावर उतरवून त्याचीही घडी केली. तोवर अभंग न्यायला कीर्तनकारबुवाही दारात येऊन ठेपले. दोन सारख्याच घड्या, दोहोंच्या माथ्यावर ‘श्री’. एक बाईंच्या हाती गेली, दुसरी बुवांच्या.

दुपारी देऊळ माणसांनी भरून गेले. वैद्यबुवा धूतवस्त्र नेसून पुढच्या रांगेत बसले. कीर्तनकारबुवांनी घडी उलगडली, क्षणभर थबकले. परंतु एखादी गोष्ट आपल्याला कळली नाही, असे म्हणण्याची त्यांना सवय नव्हती. टाळ वाजवून ते गाऊ लागले:

“सुंठ, मिरे, ओवा, चिमूटभर हिंग, कोमट पाण्यातून घ्यावे, वात सरेल!”

वैद्यबुवांनी आपले औषध लगेच ओळखले.

“काय ही गहन वाणी!” बुवा डोळे मिटून म्हणाले. “सुंठ म्हणजे काय हो? वाळलेले आले. अंगातला ओलावा गेला, पण तिखटपणा गेला नाही. भक्ताची निष्ठा अशी असते! आणि हिंग म्हणजे कीर्ती. चिमूटभर असेल तर सुगंध. मूठभर झाली तर घरात बसवत नाही. अन् शेवटी काय सांगतात? वात सरेल! मंडळी, आयुष्याच्या समईतली वात सरणार आहे, सरणार आहे!”

श्रोत्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. पंचांनी शाल आणि श्रीफळ पुढे आणले. बारा वर्षे ज्या क्षणाची वाट पाहिली तो समोर उभा होता; गप्प बसले असते तर कोणालाही काही कळले नसते. पण वैद्यबुवांच्या मनात एकच विचार घुमत होता: औषध इथे आहे, तर हलवायाच्या घरी काय गेले?

ते उठून म्हणाले, “मंडळी, क्षमा करा. हा अभंग नाही. हे हलवायाच्या पोटदुखीचे औषध आहे.” आणि धोतराचा सोगा सावरीत ते देवळाबाहेर धावत सुटले.

हलवायाच्या ओसरीवर बाई रिकामा खल पुढ्यात घेऊन बसल्या होत्या.

“या! हा मीपणा कुठं उगवतो, ते आधी सांगा. वाण्याने तुमचा कागद वाचून दाखवला:

मीपणाचे मूळ। खलात घालावे।
बारीक करावे। स्वहस्ताने॥
लोभाचे पक्वान्न। ताटातून काढा।
नामाचाच काढा। प्यावा नित्य॥

वाणी म्हणतो, ‘मीपणा गावात घरोघरी आहे वहिनी, पण सुटा कोणी देत नाही!’”

आतून हलवाई कण्हत ओरडला, “आणि पक्वान्न काढा असं लिहिलंय म्हणून हिनं सकाळपासून माझ्यासमोरचं ताट काढून घेतलंय!”

“म्हणूनच वाचलात,” असे म्हणून वैद्यबुवांनी कमरेच्या बटव्यातून सुंठ, मिरे, ओवा, हिंग काढले, स्वतः कुटले आणि कोमट पाण्यातून पाजले. घटकाभराने हलवायाच्या पोटातला वात सशब्द सरला. बाईंनी देवाला हात जोडले.

वैद्यबुवा मान खाली घालून म्हणाले, “चूक माझी. आजपासून लेखणी फक्त औषधापुरती.”

“असं कसं?” हलवाई उठून बसला. “मी पेढे वळताना भजन म्हणतो. एकदा त्या नादात साखरेऐवजी मीठ पडलं. मग काय, भजन सोडलं? नाही. साखर घालेपर्यंत तोंड बंद ठेवतो. वळायला बसलो की गळा मोकळा. तुम्हीही तसंच करा की!”

वैद्यबुवांनी ते बोल प्रसादासारखे स्वीकारले. तेव्हापासून रुग्ण समोर असला की अभंगाची वही कपाटात असे, आणि वही समोर आली की बटवा खुंटीला. दोन्ही कागदांवर ‘श्री’ मात्र तोच राहिला.

पुढल्या वर्षी खरा अभंग देवापुढे गायला गेला. वैद्यबुवांचे डोळे पाणावले. पंक्तीत शेजारच्या आजोबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “छान होता हो. पण त्या सुंठीच्या अभंगाची सर नाही!”

वैद्यबुवा पोटभर हसले आणि ताटातल्या कढीतला चिमूटभर हिंग त्यांना फार चविष्ट लागला.

तात्पर्य: उद्योगही देवाचा आणि छंदही देवाचाच, म्हणून ज्याच्यापुढे बसावे, त्याच्यापुढे मनासकट बसावे.