रुपयासारखा गोल

मोटारी हँडल मारून सुरू व्हायच्या, त्या काळची गोष्ट. एका कारखान्यात धातू फिरवून कातणाऱ्या यंत्रीण लेथबाई पिस्टन घडवत. पिस्टन म्हणजे इंजिनाच्या नळीत वरखाली धावणारा गडी. त्याला थंडपणी घेरानं किंचित लांबट आणि डोक्याकडे बारीक ठेवायचं, ही बाईंची रीत. पण एक पिस्टन अडून बसला.

“मला बाई, नळीच्या मापाचा, रुपयासारखा गोल करा!”

“अरे, तापलास की अंगानं भरशील. तेवढी जागा राखावी लागते.”

“माझ्या अंगाला काही लागत नाही!”

शेवटी बाईंनी हात टेकले आणि त्याला हवा तसा गोल केला.

मोटार सुरू झाली. त्याचे तिघे भाऊ ढिल्या चपलांसारखे टकटक वाजू लागले आणि हा मात्र ऐटीत, गप्प. मग घाट लागला, इंजिन तापलं. तिघे फुलून नेमके गोल झाले, त्यांची टकटक थांबली. हाही फुलला, पण फुलायला जागाच नव्हती. नळीत असा आवळला की मोटार चढावरच बंद पडली.

“जेवणाच्या पंगतीआधी अंगाबरोबर घट्ट कोट शिवणारा नवरदेव मीच,” तो मनात म्हणाला, “आता बटण तुटायलाही जागा नाही!”

पुढे इंजिनातून काढलेला तो गॅरेजच्या टेबलावर उलटा, राखदाणी होऊन विड्यांची राख झेलू लागला. एकदा शेजारी कोरा पिस्टन येऊन बसला आणि त्याच्याकडे बघतच राहिला.

“काका, तुम्ही किती गोल! मी बघा कसा लांबट. मग तुम्ही इंजिनात का नाही?”

“म्हणूनच रे,” काका राखेनं भरल्या तोंडानं हसले.